मोकळ्या जागा

नेकनूरहून सकाळची एसटी धरून बीडला यायचं, अमरनाथ अप्पांच्या दारात चपला काढायच्या आणि दुपारपर्यंत काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं वाचायची. आफ्रीनचे चार महिने असे गेले. शाळेतली संगणक शिकवायची कंत्राटी नोकरी अकरा वर्षांनी सुटली, तेव्हा ती पस्तिशीला टेकली होती.

अप्पा मुंबईच्या एका विमा कंपनीत तीस वर्षं मेनफ्रेमवर होते. त्या जुन्या, मोठ्या मशिनी अजून चालतात, पण चालवणारे निवृत्त होत चाललेत, हे तिला त्यांच्याकडूनच कळलं. तिच्या लॅपटॉपवर तशा मशीनची नक्कल करणारं फुकटचं सॉफ्टवेअर होतं. अडचण एवढीच, की अप्पांची नजर गेली होती. ती वाचायची, ते ऐकून शिकवायचे.

त्या दिवशी सकाळपासून मशीनला लिहून दिलेलं तेच काम सातव्यांदा अडलं.

"अप्पा, आता माझं डोकंच चालंना," ती म्हणाली.

"वाच. मोकळ्या जागा बी वाच."

ती पडद्यावर बोट ठेवून वाचू लागली. "न्यू, स्वल्पविराम, जागा..."

"थांब. ती जागा कावून सोडलीस?"

"शाळेत मुलांना तेच शिकवलं. स्वल्पविरामापुढं जागा सोडायची."

"हितं जागा दिसली की मशीनला वाटतं, बोलणं संपलं. पुढचं ती ऐकतच न्हाई."

आफ्रीननं जागा काढली. काम सुरळीत पार पडलं. पडद्यावर शून्य उमटलं, म्हणजे चूक नाही. आनंद व्हायला हवा होता. तिला नुसती पाठ टेकावीशी वाटली.

"मला बी हे कळायला लई दिस लागलते," अप्पा एवढंच म्हणाले.

पुढं दोन कंपन्यांनी वय ऐकून फोन ठेवला. तिसरी पुण्याची. तिनं घरून करायचं काम दिलं, सहा महिन्यांपुरतं. एका बँकेचे चाळीस वर्षांपूर्वीचे प्रोग्रॅम सांभाळायचे होते.

"कायम हाय का?" अम्मीनं, हमीदानं, विचारलं.

"न्हाई."

अम्मी चहा टाकायला उठली. चहा होईतो आफ्रीनचा भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच डोळा लागला होता.