आहेस्कूल

बारामतीच्या एमआयडीसीत एका दुमजली इमारतीत आमचं ऑफिस होतं. खाली पशुखाद्याचं गोडाऊन, वर आम्ही. इंदापूर-बारामतीच्या गावांतल्या लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून आणायचं आणि हेडफोन लावून ते जसंच्या तसं टाइप करायचं, हे आमचं काम. बाहेरच्या एका कंपनीला आपल्या यंत्राला खेड्यातली मराठी ऐकायला शिकवायचं होतं. म्हणून बोलणारा ‘हाय’ म्हणाला तर ‘हाय’च लिहायचं, ‘न्हाय’ म्हणाला तर ‘न्हाय’. त्यांच्या सूचनांच्या पहिल्याच पानावर हे ठळक अक्षरात होतं. मी बावड्याची. अब्बांचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देण्याचं दुकान, त्यामुळं लहानपणापासून सगळ्या पंचक्रोशीचं बोलणं कानावर. माझ्याकडे कॉम्प्युटरची पदवी होती, पण नोकरी त्या कानांनी मिळवून दिली.

मग पुण्याहून आमच्यावर एक सर आले.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावरचा माऊस उलटा करून ठेवला. “माऊसला हात लावतो तो टायपिस्ट. प्रोग्रामरचे हात कीबोर्डवरून उठत नाहीत,” म्हणाले. त्यांचा एक एडिटर होता, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम. त्यात स्वतःची फंक्शनं लिहून बटणांवर बसवता येतात. बटण दाबलं की फंक्शन एक हुकूम तयार करतं आणि शेलकडे, म्हणजे त्या काळ्या खिडकीमागच्या कारभाऱ्याकडे पाठवतं. शेल तो निमूट पाळतं, अख्ख्या फोल्डरवर, क्षणात. गोष्ट खरोखर चांगली आहे. वाईट इतकंच की ती सरांच्या हाती लागली होती.

ते आम्हाला मागे उभं करून डेमो द्यायचे. बटण दाबायचे, काही न घडल्यासारखा पडदा तसाच राहायचा, आणि ते खुर्चीत मागे रेलून आमच्या तोंडाकडे बघायचे. जत्रेतला जादूगारसुद्धा निदान रुमाल तरी दाखवतो.

“सर, शेलनं काय केलं ते दिसत का नाही?” मी विचारलं.

“आउटपुट मी बंद केलंय. पडदा स्वच्छ राहतो.”

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आमच्या फाइली उघडून पाहिल्या आणि त्यांना घाम फुटला. “हे काय? हाय? हितं? क्लायंटला असलं मराठी देणार तुम्ही?” मी सूचनांचं पहिलं पान त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं, चहाचा कप सारावा तसं. “मॅडम, सगळ्या क्लायंटना शेवटी शुद्धच लागतं.”

दुपारी त्यांनी फंक्शन लिहून सगळ्यांच्या मशीनवर चढवलं. फाइल जतन केली की ते आपोआप चालायचं. शेलला दोन हुकूम जायचे : आधी ‘हाय’ शोधून तिथं ‘आहे’ घाल, ‘हितं’च्या जागी ‘इथे’ घाल, असे बदल, आणि मग बदललेला फोल्डर सर्व्हरवरच्या प्रतीवर नेऊन टाक. म्हणजे जुनं काही शिल्लक राहायलाच नको.

शेलला मराठी येत नाही. त्याला ह, काना आणि य एवढंच दिसतं. माझ्या शेजारी मोरगावची एक मुलगी बसायची. ती एकाएकी टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. तिच्या फाइलीत एका माणसाची पोरगी ‘आहेस्कूल’ला जात होती आणि तो स्वतः ‘आहेवे’वर ढाबा चालवत होता.

सर हसले नाहीत. “एज केस आहे, क्वचित होतं असं,” म्हणाले आणि ते दोन शब्द फंक्शनमध्ये अपवाद म्हणून घातले. मग त्यांना जागोजाग ‘न्आहे’ दिसायला लागलं. एक अर्धा न आणि पुढे आहे. यावर एखादं शाळकरी पोरही क्षणभर थांबलं असतं. सरांनी ठरवलं की हा आमच्या टायपिंगचा कचरा आहे. आणखी एक ओळ लिहिली : ‘आहे’च्या आधीचा अर्धा न काढून टाक. बटण दाबलं. पडदा स्वच्छ राहिला.

मी तेव्हा दोन दिवस इंदापूरकडे रेकॉर्डिंगला गेले होते. परत आल्यावर कळसच्या एका तात्यांची फाइल तपासायला घेतली. हे रेकॉर्डिंग मीच केलं होतं. तात्यांची बायको वारल्याला फार दिवस झाले नव्हते. कानात त्यांचा आवाज चालू होता : “सकाळचं चुलीपाशी भांडं वाजल्यावानी वाटतं. मी म्हणतो, हाय. उठून बघतो तर न्हाय. कुणीच न्हाय.” आणि पडद्यावर लिहिलेलं होतं : मी म्हणतो, आहे. उठून बघतो तर आहे. कुणीच आहे.

मी हेडफोन काढले आणि दुसरी फाइल उघडली. मग तिसरी. विहिरीला पाणी आहे. पोराला नोकरी आहे. दवाखान्यात डॉक्टर आहे. आमच्या फोल्डरात कुणालाच कसली वाण उरली नव्हती.

सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

“टोन थोडा बदललाय. पण मीनिंग कळतंय की.”

“सर, ती बाई मेलीय. तुमच्या फंक्शननं तिला उठवून चुलीपाशी बसवलंय.”

“तुम्ही इमोशनल होताय, मॅडम. आणि मुळात ‘नाही’ असं नीट टाइप केलं असतं तर हे झालंच नसतं.”

मला राग आला नाही. राग येण्याजोगं त्या माणसात काही असायला हवं होतं. नासलेल्या दुधाचं झाकण उघडल्यावर माणूस फिरवतो तशी मी नुसती मान फिरवली.

सर्व्हरवरची प्रतही त्यांनीच पुसलेली, तेव्हा सगळं पुन्हा ऐकणं आलं. आवाजाच्या फाइली मात्र शाबूत होत्या. मी सरांचं फंक्शन काढून टाकलं आणि माझं स्वतःचं लिहिलं. ओळीवर कर्सर ठेवून बटण दाबलं की शेल नेमका त्या ओळीचा आवाज वाजवायचं. ऐकायचं, ओळ हातानं दुरुस्त करायची, पुढं जायचं. कुठलाही हुकूम जाण्याआधी तो खालच्या पट्टीत पूर्ण दिसायचा आणि एडिटर “करू का?” असं विचारायचा. मोरगावच्या मुलीनं ते लगेच आपल्या मशीनवर घेतलं, मग बाकीच्यांनी. सर मागून येऊन बघून गेले. “माझ्याच सेटिंगवरनं उचललंय ना?” म्हणाले. मी पुढच्या ओळीवर बटण दाबलं.

तात्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी ट्रॅक्टर गेला होता आणि एक शब्द त्याखाली बुडाला होता. मूळ फाइलीत ती जागा मी रिकामी सोडली होती, आता तशी सोडवेना. स्कूटीवर कळसला गेले. तात्या गोठ्यापुढं बसून दोरखंड वळत होते.

“त्या बारीला सांगितलं की सगळं,” ते म्हणाले. “मोडलं व्हय तुमचं मशीन?”

“मशीन न्हाय तात्या, माणूस.”

“मग मानसाला नीट करा. माझ्याकडं कशाला आलाय? मी काय रोज रडाया रिकामा हाय?”

मी फोन त्यांच्या कानाशी धरला आणि त्यांचाच आवाज लावला. दोरखंड मांडीवर पडला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. ट्रॅक्टरच्या जागी म्हणाले, “तितं ‘परात’ म्हणलोय मी. तिची पितळंची परात.” मग म्हणाले, “वंगाळ बोललो न्हाय मी.”

“न्हाय तात्या.”

त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि मला सरांविषयी विचारलं. मी सांगितलं. ते ऐकून तात्या पचकन थुंकले आणि पुन्हा दोरखंडाकडे वळले. सरांवर याहून नेमका अभिप्राय मी आजवर ऐकलेला नाही.

काम वेळेत गेलं. कंपनीनं फार चांगलं लिहिलं, विशेषतः लोकांचं बोलणं जसंच्या तसं उतरल्याबद्दल. सरांनी वरती कळवलं की दर्जासाठी आपण सगळ्या फाइलींची दुसरी फेरी राबवली होती. त्यावर त्यांना पुण्यात मोठी जागा मिळाली. निरोपाच्या कार्यक्रमात ते कीबोर्डवरून हात न उचलण्याबद्दल बोलले, तरुणांनी स्वतःची साधनं स्वतः घडवावीत म्हणाले. टाळ्या झाल्या. मोरगावच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी सामोसा खात होते. सामोसा बरा होता.