कंदील सोडल्याबिगर

मंडळी, घरी येऊन तीन तास झाले, तरी मी सकाळचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतेय.

सकाळी नवरा आणि मी नगरचा फराहबाग महाल पाहिला. इराणी धाटणीच्या त्या उंच कमानींखाली भर उन्हातही गारवा होता. निजामशाहीत शहराला पाणी आणणाऱ्या भुयारी नळाची एक जुनी विहीर भिंगारजवळच्या शेतात आहे असं कळलं, आणि नवऱ्याला राहवेना.

विहीर अरुंद, कोरडी. उतरायला भिंतीत खोबणी. त्याने मोबाईलचा टॉर्च मारला, तळ स्वच्छ दिसला. "भुयाराचं तोंड बघून लगेच येतो," म्हणत तो उतरलाही. मी "जा" म्हणाले आणि वरून व्हिडिओ काढत बसले!

तेवढ्यात शेताच्या मालकीण मार्थामावशी ओरडत आल्या, "आदी वर घ्या त्यांना! कंदील सोडल्याबिगर आमी जुन्या हिरीत कुनीच उतरत न्हाई!"

"मावशी, उजेड आहे की," तो खालून हसला. मग म्हणाला, "जरा गरगरतंय गं."

मी किंचाळले. तो कसाबसा वर आला. येताना त्याचा मोबाईल हातातून सुटून खाली पडला.

मावशींनी पेटता कंदील दोरीने आत सोडला. नवरा जिथून माघारी फिरला होता, तिथून दोनच हात खाली ज्योत बारीक झाली आणि विझली.

"बगा," मावशी हळूच म्हणाल्या, "खाली हवाच न्हाई."

तळाशी मोबाईलचा टॉर्च मात्र लख्ख जळत होता.

खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी आधी कंदील सोडला असता?