रिबेकाबाईंचा शोफार आणि पोट फुगलेला बैल

रिबेकाबाईंच्या वडिलांचं शिंग बैलाच्या तोंडात होतं आणि आमचा शेषराव वरून त्यात हिंग घातलेलं गोडेतेल ओतत होता.

मी दारात उभी राहून हे बघत होते. माझ्या मागे खुद्द रिबेकाबाई उभ्या होत्या, हातात चहाचा कप घेऊन.

मी जनावरांची डॉक्टर. हिंगोलीत माझा खासगी दवाखाना आहे. शेषराव माझा जुना मदतनीस. जनावर आडवं पाडणं, धरणं, औषध पाजणं यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. सांगितलेलं काम तो तत्काळ करतो. विचार नंतर करतो, वेळ मिळाला तर.

रिबेकाबाई सकाळीच आल्या होत्या. शाळेतून रिटायर झालेल्या, ताठ कण्याच्या. त्या ज्यू, कोकणातल्या बेने इस्राएल समाजातल्या. वडील रेल्वेत होते, बदली होऊन हिंगोलीला आले आणि इथलेच झाले. बाईंनी पिशवीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक वाकडं शिंग काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"हा आमचा शोफार. नव्या वर्षाच्या सणाला फुंकतात. बाबा गेल्यापासून मुका आहे. कुणी कितीही फुंकलं तरी आवाज नाही."

त्यांचे थोरले भाऊ इस्राएलला अश्दोद गावी राहतात. वय नव्वदीकडे झुकलेलं, कान चाललेले. बाबांचा शोफार डोळ्यांनी बघायचाय, हातात धरायचाय, एवढंच त्यांचं मागणं. बाई पुढच्या आठवड्यात निघणार होत्या. पण भाच्यानं बजावलं होतं, की शिंग कुठल्या प्राण्याचं आहे याचा दाखला जवळ ठेव, नाहीतर विमानतळावर काढून घेतील.

भीती खरी होती. आमच्याकडे काळवीट आणि रोही, म्हणजे नीलगायी, शेतातून फिरतात, आणि काळविटाचं शिंग घरात सापडलं तरी केस होते. मी शिंग हातात घेतलं. काळविटाचं शिंग स्क्रूसारखं पिळदार आणि लांब असतं. हे आखूड, सुरकुत्यांचं, बुडाशी तिकोनी. मेंढा! शिंग म्हणजे नखाच्याच जातीची टोपी, आत हाड असतं. ते हाड काढून टोकाला भोक पाडलं, की शोफार झाला.

"बाई, शंभर टक्के मेंढा. बसा, दाखला टाइप करते."

आम्ही आतल्या खोलीत गेलो. प्रिंटर नेहमीप्रमाणे रुसला होता. तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि आरडाओरडा सुरू झाला. पुसेगावचे ज्ञानोबा पोट फुगलेला बैल घेऊन आले होते. ओला हरभरा खाल्ला की जनावराच्या पोटात फेसाचा गॅस कोंडतो, डावी कूस नगाऱ्यासारखी टम्म होते. वेळेत तेल गेलं नाही तर जनावर हातचं जातं.

मी आतूनच ओरडले, "शेषराव, आधी तेल पाज! मी आलेच!"

आमची औषध पाजायची बांबूची नळी आदल्या दिवशी एका म्हशीनं तुडवली होती. हे मला माहीत होतं. शेषरावलाही माहीत होतं. त्यानं इकडेतिकडे बघितलं. टेबलावर शिंग होतं.

"शेषराव! काय करून राहिलास?" मी दारात येऊन विचारलं.

"तेल पाजून राहिलो मॅडम. तुमीच म्हणलात."

"ते शिंग काहून घेतलंस?"

"मंग कशानं पाजू? आमचा आजा शिंगानंच पाजायचा. ह्याचं टोक चोंदलं व्हतं, तारेनं मोकळं केलं. मातीच माती निघाली बघा. आता बराबर धार पडून राहिली!"

मी झडप घालणार, तोच रिबेकाबाईंनी माझा दंड धरला.

"मधेच ओढू नका. जनावर दचकून चावलं तर शिंग तडकेल. आणि आधी त्याचा जीव."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू! मुकाट्यानं बैलाची मान धरली. शेषरावनं तेल संपवलं, शिंग अलगद काढलं. मग बैलाची कूस चोळत आम्ही वाट बघत राहिलो. थोड्या वेळानं बैलानं असा काही ढेकर दिला, की माझ्या चष्म्यावर हिंगाचा फवारा आला. ज्ञानोबा टाळ्या पिटून नाचायला लागले. "उतरलं! फुगारा उतरला मॅडम!"

इकडे मी शिंग घेऊन नळाकडे धावले. कोमट पाण्यानं धुतलं, टॉर्च मारून आत बघितलं. तडा नाही, दाताची खूण नाही. बैलाला वरच्या जबड्यात पुढे दात नसतात आणि शेषरावनं नळी घालतात तशी गालाच्या मोकळ्या फटीतूनच घातली होती. शिंग धड होतं. पण चालणारं होतं का? वडिलांची पवित्र वस्तू, तीही बैलाच्या लाळेत न्हालेली.

बाईंनी भावाला व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर टोपी घातलेले, कानात यंत्र लावलेले सुरकुतलेले आजोबा आले. बाईंनी मोठ्या आवाजात सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडू लागल्या.

"काहून रडून राहिली गं?" समुद्रापलीकडून अस्सल हिंगोलीची बोली ऐकू आली. "तडा गेला का?"

"न्हाई, दादा."

"मंग झालं तर! आवाज मोकळा करायला शोफारात पाणी नाहीतर दारू घालायला जुन्या नियमातच परवानगी हाय."

"पाणी नव्हे दादा, तेल गेलंय. हिंग घातलेलं."

आजोबांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते!

"तेलाचं आपल्याला वावडं व्हय? कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल गाळायचे. शनवारी घाणा बंद, म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणायचे. तेल्याच्या शिंगात तेल गेलं, त्यात काय बिघडलं? फुंक बरं एकदा."

"मी? बाबांनी मला कधी हात लावू दिला नाही."

"मी सांगतो ना! गाल फुगवू नको. ओठ कडेला आवळून धर."

बाईंनी फुंकलं. नुसता वारा. पुन्हा फुंकलं, आणि शिंगातून दोन थेंब तेल शेषरावच्या कपाळावर उडाले. तिसऱ्यांदा मात्र असा खणखणीत, जाडाभरडा आवाज निघाला, की अंगणातल्या शेळ्या एकसाथ ओरडल्या, बैलानं कान टवकारले आणि समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाईकं रस्त्यावर आली.

मुका म्हणवला गेलेला शोफार नुसता चोंदला होता. कुंभारीण माशीनं टोकात मातीचं घर केलं होतं. इतक्या वर्षांत तिथं तार घालायची कुणाची हिंमत झाली नव्हती. पवित्र वस्तूत तार कोण घालणार?

फोनवर आजोबा दोन्ही हात कानांमागे धरून बसले होते. "बाबाच हायेत," ते म्हणाले. "अजून एकदा." बाईंनी अजून एकदा फुंकलं. मग ज्ञानोबांच्या आग्रहावरून अजून एकदा. मी ढसाढसा रडत होते आणि हसतही होते. शेषराव कपाळावरचं तेल न पुसता उभा होता.

बाई सुखरूप पोचल्या. सणाला आजोबांच्या पणतवानं शोफार फुंकला. आजोबा प्रार्थनामंदिरात पहिल्या रांगेत बसले होते. बाई सांगतात, फुंकून झाल्यावर सगळे गंभीर उभे असताना आजोबांनी हवेत वास घेतला आणि मोठ्यानं मराठीत विचारलं, "बैल कसा हाय?"

त्या दिवशी दाखला मात्र मला पुन्हा टाइप करावा लागला होता. पहिल्या प्रतीत मी लिहिलं होतं, "मेंढ्याचं जुनं शिंग, शोभेची वस्तू, वापरात नाही." ते खोडून लिहिलं, "मेंढ्याचं शिंग, वाद्य, चालू स्थितीत." दाखला देण्याआधी वस्तू चालवून बघावी, एवढा धडा मी घेतला. मात्र चालवायला ती शेषरावच्या हाती देऊ नये.