हवेच्या टाकीतला हायड्रोजन

मल्लप्पानं टाकीच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं आणि जोडाभोवती बुडबुडे यायला लागले.

“साहेब, हितं गॅस गळतोय की,” तो हळूच म्हणाला.

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा वनस्पती तुपाचा कारखाना होता. मी प्लांट इंजिनिअर. मैंदर्गीचा मल्लप्पा गॅस प्लांटचा ऑपरेटर. तेल घट्ट करायला हायड्रोजन लागतो. पाण्यात वीज सोडून तो आम्हीच बनवायचो. एकोणीसशे त्र्याहत्तरच्या तेलटंचाईनंतर बॉयलरला फर्नेस ऑइल मिळेना. हायड्रोजन उत्तम जळतो असं कारखान्याच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, कुठंतरी वाचलं आणि जादा गॅस साठवून बॉयलरला द्या म्हणाले. मी सांगितलं, हा गॅस फार हलका, मोठ्या टाकीतही थोडाच मावतो. दाबून भरावा लागतो आणि तशी टाकी आपल्याकडं नाही. शेठनी हवेच्या कॉम्प्रेसरची जुनी टाकी दाखवली. हवा भरून टेस्ट घेतली. प्रेशरचा काटा जरासुद्धा उतरला नाही. मग मला नाही म्हणता येईना.

आता त्याच टाकीतून हायड्रोजन गळत होता. हवा अडते अशा बारीक फटीतूनही हा गॅस निसटतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो वर जाऊन शेडच्या पत्र्याखाली साठतो. एक ठिणगी पुरते. मी बाहेरच्या पॅनेलवरून गॅस भरणारा कॉम्प्रेसर बंद केला, शेजारचं वेल्डिंग थांबवलं. तेवढ्यात शेठ आले आणि फॅनच्या बटणाकडं निघाले.

“शेठ, हात लावू नका. बटणातही ठिणगी पडते.”

ते जागीच थांबले.

गॅस पाइपानं छपराबाहेर सोडायचा व्हॉल्व्ह शेडच्या आत होता. तो झटक्यानं उघडला तर गॅस सुटतानाच पेटण्याची भीती. मी मल्लप्पाला बाहेर थांबायला सांगितलं.

“एकट्याला फिरायचा न्हाय, साहेब. लई घट्ट हाय.”

ठिणगी नको म्हणून खिळ्यांचे बूट बाहेर काढून आम्ही दोघं आत गेलो. व्हॉल्व्ह किंचित फिरवायचा आणि थांबायचं. माझे हात घामानं निसटत होते. मल्लप्पा कानडीत काहीतरी पुटपुटत होता. पाइपातून बारीक सूं आवाज सुरू झाला, तो संपता संपेना. काटा शून्यावर आला तेव्हाच आम्ही व्हॉल्व्ह सोडला. बाहेर येऊन मी जमिनीवरच बसलो.

शेठनी पुन्हा तो विषय काढला नाही. भुईमुगाच्या शेंगांच्या टरफलांवर चालणारा जुना बॉयलर दुरुस्त करून घेतला. मी मात्र एक गोष्ट कायमची लक्षात ठेवली: हवेच्या टेस्टला पास झालेली टाकी फक्त हवेसाठीच पास असते.