मास्तरांच्या कमरेचं माप

वजन कमी करायचंय आमच्या ह्यांना आणि वाळत चाललेय मी. भाज्या मी आणायच्या, मी चिरायच्या, तेल मी मोजायचं, आणि एवढं करून ताट समोर ठेवलं की ह्यांनी त्याच्याकडे असं बघायचं, जणू मी कोणाचं तरी उष्टं वाढलंय.

हे शिंपी. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणतो. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे अरुंद जिना. तो जिना चढायला ह्यांना हल्ली इतका वेळ लागतो की वर पोचेपर्यंत जेवण गार होतं. दोन्ही गुडघे झिजलेत. शिंप्याचं काम बसून असतं असं लोकांना वाटतं. शिवायचं ते बसून, पण कापड कापायचं ते उभ्यानं, टेबलावर ओणवं होऊन, सगळा भार पायांवर टाकून. आणि आमचं दुकान चालतं ते ह्यांच्या कात्रीवर. धाकटे भाऊजी शिवतात छान, पण कात्री हातात घेतली की त्यांना घाम फुटतो. मध्यंतरी हे खुर्चीत बसून कापायला लागले आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही आखूड झाली. त्या दिवशी हे जेवले नाहीत. रात्री म्हणाले, "उभं राहता येत नसेल तर मी कसला मास्तर?" मला एकदम रडू आलं, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं की पुन्हा उभे राहाल, पण आधी वजन उतरवा, त्याशिवाय मी हात लावणार नाही. आणि आम्हाला आहाराच्या बाईंकडे धाडलं.

बाई समजूतदार होत्या. उपाशी मारू नका म्हणाल्या. अर्धं ताट भाज्या, उरलेल्या अर्ध्यात निम्मं कडधान्य किंवा अंडं, निम्मा भात. फळ रोज, तेल जपून, गोड क्वचित. घरात वजनकाटा ठेवा, म्हणाल्या. त्यावर ह्यांनी नाक मुरडलं.

"काटा पोत्यांना लागतो. मी शिंपी आहे, मी टेपवर बघेन."

बाई हसल्या. म्हणाल्या, "चालेल, पोटाचा घेर उतरला तरी कळेलच." घोळ झाला तो तिथे.

पहिल्याच जेवणाला ह्यांनी काकडी, गाजर, कोबी चमच्यानं बाजूला सारून विचारलं, "हे सगळं अस्तर झालं. कापड कुठंय?"

"हेच कापड. शिवा आता," मी म्हटलं.

रोजचं हे असं. भाजी बेचव आहे. भाजी बेचव नाही पण फार आहे. फार नाही पण कालही हीच होती. मी डाळीत भाज्या लपवल्या, तर एकेक तुकडा काढून ताटाच्या कडेला ओळीनं मांडून ठेवला, काज-बटणं लावावीत तसा. माझ्या नाकी नऊ आले. तरी मी हटले नाही, कारण तो आखूड बाहीचा कोट माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

आता आमच्या दुकानातली एक पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हे गिऱ्हाइकाचं माप घेतात आणि मोठ्यानं सांगतात, भाऊजी लिहून घेतात. पण गिऱ्हाईक अंगानं भरलेलं असलं की कमरेचा आकडा हे दोन इंच कमी सांगतात आणि शेवटी "बरं का" जोडतात. "अडतीस, बरं का." भाऊजींनी मुकाट चाळीस लिहायचं. माणूस दुकानातून खुशीत बाहेर पडतो, कपडाही अंगाला नीट बसतो. चारचौघांत कोणाला कमीपणा वाटू द्यायचा नाही, हे ह्यांनी भाऊजींना पहिल्या दिवशी शिकवलं. चांगलीच पद्धत आहे. मीही तिचं कौतुक करत आले.

तर दर आठवड्याला दुकान उघडायच्या आधी हे हात वर करून उभे राहायचे आणि भाऊजी त्यांच्या पोटाभोवती टेप धरायचे. आकडा दर खेपेला थोडा उतरायचा. हे जिन्याच्या तोंडाशी येऊन मला हाक मारायचे, "ऐकलंस का? अर्धा इंच!" मग त्या आनंदात शेजारच्या बेकरीतून केक यायचा. "एवढं उतरलंय, एका तुकड्यानं काय होतंय?" एक तुकडा कधी एक राहिलाय का?

मला ते उतरलेलं कुठे दिसत नव्हतं. खुर्ची तशीच करकरत होती. जिन्यात तसेच थांबत होते. मी म्हटलं, "अहो, मला तर काही फरक वाटत नाही."

"तुझी नजर स्वयंपाकाची. मापातलं तुला काय कळतंय?"

मीही मनाशी म्हटलं, टेप कशाला खोटं बोलेल?

तपासणीचा दिवस आला. हे नवा शर्ट घालून निघाले, लग्नाला निघाल्यासारखे. डॉक्टरांकडच्या काट्यावर चढले आणि वजन वाढलेलं निघालं. उतरलं नाही की तेवढंच राहिलं नाही, चक्क वाढलेलं! हे म्हणाले, काटा बिघडलाय. डॉक्टर स्वतः त्यावर उभे राहिले, त्यांचं वजन बरोबर आलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "घरी नक्की काय खायला घालता?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने कोबी चिरून बोटं सोलली आणि बोलणी कोणी खायची, तर मी! ऑपरेशन पुढे ढकललं. परत आल्यावर हे रिक्षातून उतरताना दाराला धरून बराच वेळ तसेच उभे राहिले.

दुकानात शिरल्या शिरल्या मी टेप उचलला आणि भाऊजींसमोर धरला.

"भाऊजी, ह्यांचं माप खरं सांगत होता?"

भाऊजींचा चेहरा पडला. "वहिनी, पहिल्या आठवड्यात काहीच उतरलं नव्हतं. दादा हात वर करून असा आशेनं बघत होता की माझ्या तोंडून आपोआप कमी आलं. मग पुढच्या वेळी त्याहून कमी सांगणं भाग पडलं. 'बरं का' म्हटलं असतं तर त्याला लगेच कळलं असतं."

"मी काय गिऱ्हाईक आहे?" हे ओरडले.

"तूच शिकवलंस ना दादा, कोणाला कमीपणा वाटू द्यायचा नाही म्हणून!"

ह्याचं उत्तर मी दिलं. "गिऱ्हाइकाला आकडा खोटा सांगता, पण कपडा खऱ्या मापाचा शिवता. ह्यांना नुसता आकडाच दिलात, भाऊजी." भाऊजी खाली बघून रडायला लागले. मग त्यांचीच समजूत काढत बसावं लागलं. या घरात चिडायचीसुद्धा सोय नाही.

त्यानंतर हे बदलले. ताटात वाढलेलं मुकाट खायचे. कोबीला नावं ठेवली नाहीत, भात मागितला नाही, बेकरीवाला हाका मारून दमला. मला आनंद व्हायला हवा होता, पण ते न भांडता खायला लागले तशी माझी झोप उडाली. माप घ्यायचं नाव काढलं की म्हणायचे, "नको. जे असेल ते डॉक्टर सांगतील." भाऊजींना तर त्यांनी टेप घेऊन जवळही येऊ दिलं नाही.

असे पुष्कळ आठवडे गेले. एका सकाळी ते आंघोळ करून बाहेर आले आणि मला वाटलं, आज चेहरा निराळा दिसतोय. मी विचारलंच नाही. टेप घेतला आणि सरळ पोटाभोवती टाकला. नको नको म्हणाले, पण माझ्या तावडीतून सुटणार कुठे? आकडा बघितला. टेप सरळ करून पुन्हा बघितला. सुरुवातीच्या खऱ्या मापाहून घेर चांगला तीन इंच उतरला होता. मी सांगितलं.

ते कसंनुसं हसले. "तूही तेच करतेस होय? राहू दे. मला बरं वाटावं म्हणून बोलतेस, कळतं मला."

"अहो, खरंच उतरलंय."

"तोही असंच म्हणायचा."

इतका संताप आला मला! टेप जमिनीवर आपटला. "बरं वाटावं म्हणून? मी? लग्न झाल्यापासून तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी एक तरी शब्द बोललेय का? तुम्ही घोरता ते तोंडावर सांगितलं. तुमच्या बहिणीच्या लग्नात तुम्ही गायलात, तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली आणि मी सांगितलं की गाढव बरं. पहिला शर्ट तुम्ही माझ्या वडिलांना शिवून दिलात, त्याची कॉलर वाकडी आहे हे त्यांच्यादेखत कोण म्हणालं? आणि आज सकाळी सकाळी मी तुमच्याशी गोड खोटं बोलतेय?"

ते खरोखर आठवत होते, एखादा गोड शब्द सापडतोय का ते. मग पलंगावर बसले.

"नाही," ते हळूच म्हणाले. "तू कधीच बोलली नाहीस."

"मग?"

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. डोळे भरून आले होते. "पुन्हा सांग."

"तीन इंच. आणि हुरळून जाऊ नका, अजून बरंच उतरायचंय."

"मोठ्यानं सांग," ते म्हणाले. "त्याला खाली ऐकू जाऊ दे."

मी जिन्याच्या तोंडाशी गेले आणि सगळा रस्ता ऐकेल इतक्या मोठ्यानं ओरडले.