जावयाचे लाल ठिपके

आमच्या जावयासारखा माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही, आणि हा एक आहे तोच पुष्कळ झाला. ते वसमतच्या कॉलेजात शिकवायचे. काय, तर माहितीचा ढिगारा उपसायचा, त्याचं चित्र काढायचं आणि त्यात दडलेलं हुडकायचं. मी चौथी शिकलेली, तरी एवढं मला कळलं, कारण कळेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. चित्र काढल्याशिवाय या माणसाला घास उतरत नाही. धोंड्याच्या महिन्यात मी त्यांना तेहतीस अनारशांचं वाण दिलं, तर त्यांनी फूटपट्टी लावून एकेक मोजला, जाळीची भोकं मोजली आणि कागदावर तेहतीस ठिपके मांडले. मग कोपऱ्यातल्या एकट्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "मामी, हा तुमच्या हातचा न्हाई." खरंच तो शेजारणीनं तळला होता. "गिळा आता," मी म्हटलं.

त्याच महिन्यात आमच्या हळदीला पुन्हा कंदकूज लागली. वरून पानं पिवळी, खाली कंद सडलेला, दाबला की पाणी. जवळा बाजाराजवळचं आमचं गाव, निम्म्या घरांत तीन वर्षं हेच. यंदाही गेलं तर हळद बंद, असं सगळे बोलत होते. कुणी पाण्याला दोष देई, कुणी खताला, कुणी नजरेला. हे ऐकून जावई असे खूश झाले की त्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं. डोक्याला रुमाल बांधून ते घरोघर फिरले. जमीन कशी, पाणी किती, खत कोणतं, बेणं, म्हणजे लावायचे कंद, कुणाकडून आणले. समोरच्या म्हातारीला तीनदा विचारलं तेव्हा ती मला म्हणाली, "जावई हाय का जनगणना?"

चार दिवस ते ओसरीवर लॅपटॉप मांडून बसले. जमिनीप्रमाणं ठिपक्यांना रंग दिले, काही दिसेना. पाण्याप्रमाणं दिले, सगळी खिचडी. "मामी, चित्र अजून बोलून न्हाई राहिलं," म्हणायचे, जणू ते रुसलंय. पाचव्या दिवशी एकदम उठले, चहा लवंडला, मोटारसायकल काढून वसमतला गेले. आले ते काखेत फ्लेक्स घेऊन, वाढदिवसाला चौकात लावतात तेवढा. पण उलगडेनात. तोंड उतरलेलं.

"गुंडाळून काहून ठेवलं?"

"राहू द्या मामी. छपाई बराबर न्हाई."

"आणा इकडं."

मीच अंगणात पसरला. एकेक घर म्हणजे एकेक ठिपका, कुजलेल्याचं लाल, धड राहिलेल्याचं पिवळं. कुणाचं बेणं कुणाकडं गेलं त्याच्या रेघा. लाल ठिपक्यांच्या सगळ्या रेघा मधल्या एका घराला येऊन मिळत होत्या.

"हे कुणाचं घर?"

जावई चपलेकडं बघत राहिले. "तुमचं. लॅपटॉपवर नुसता ठिपका व्हता, छापल्यावर ध्यानात आलं."

गावात नवी सून आली की मी तिची ओटी आमच्या हळदीच्या बेण्यानं भरायची. सासूची रीत, कधी मोडली नव्हती. ती पोरगी ते लावायची, पुढं सोयऱ्यांना द्यायची. मी आशीर्वाद म्हणून कूज वाटत होते.

"माझं चुकलंबी असंल," जावई म्हणाले.

"अनारशाचं चुकलं व्हतं का?"

फ्लेक्स मी पारावर टांगायला लावला आणि उभी राहून सांगितलं, बेणं माझ्या घरचं होतं. समोरची म्हातारी तेवढी म्हणाली, "आमी उगीच नजर म्हनत व्हतो." पुढच्या वर्षी सगळ्यांनी नवं बेणं आणलं, औषधात बुडवून लावलं. हळद उभी राहिली.

लेक-जावई आता पुण्याला असतात. फ्लेक्स मी हळद वाळवायला अंथरते. नव्या सुनांची ओटी तांदळानं भरते. जावई फोनवर सांगतात, गावाचं चित्र पिवळं झालंय, बेणं खुशाल द्या. माझा हात होत नाही. पण धोंड्याचा महिना पुन्हा आलाय आणि ते यायचे आहेत. तेहतिसातला एक अनारसा मी गुपचूप शेजारणीकडून तळून घेणार आहे. तो त्यांनी हुडकला, तर पुढच्या सुनेची ओटी बेण्यानं भरीन.