ओल्या फडक्यातला शंख

माझी काकू विटांच्या कारखान्यात पट्ट्यापाशी उभी असायची. खाणीतली करडी चिकणमाती पट्ट्यावरून सरकत यायची आणि तिच्यातलं टणक ते सगळं वेचून फेकणं हे काकूचं काम. एखादा शंख राहिला तर भट्टीत वीट फुटायची. ही माती म्हणजे क्रिटेशस काळातल्या समुद्राचा तळ, दहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे मी पुस्तकात वाचलं. काकूच्या लेखी ते शंख म्हणजे नुसता डोक्याला ताप.

काका त्याच खाणीत खणायचा. बायकोला फुलंबिलं आणायच्या भानगडीत तो कधी पडला नाही. जेवणाच्या डब्यातून शंख आणायचा. वेटोळ्याचे, मोत्याची झाक असलेले. चपला काढायच्या आधी दारातूनच बजावायचा, "उन्हात ठेवू नकोस, पोपडे निघतील. ओल्या फडक्यात सावकाश सुकू दे."

"दिवसभर फेकायचे आणि घरी आणून ह्यांचेच लाड करायचे!" काकू तोंड वाकडं करायची. पण फडकं भिजवायची तीच.

मग एका दुपारी खाणीची कड खचली आणि काका मातीखाली गेला. त्याच्या खिशात एक शंख निघाला. बोराएवढा, सोन्यासारखा पिवळाधमक. असला त्याने आधी कधीच आणला नव्हता. काकूने तो रडत रडत धुतला, ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाला भोकं पाडलेल्या डबीत ठेवला. रोज चहाच्याही आधी त्या भोकांतून फडक्यावर पाणी सोडायची. उघडून मात्र बघायची नाही; बघितलं की दिवसभर हात चालत नाहीत म्हणायची. मी एकदा "बघू तरी दे" म्हटलं, तर माझ्यावरच खेकसली.

वर्ष सरत आलं तेव्हा शंखाबद्दल ऐकून संग्रहालयातल्या एक बाई घरी आल्या. सोनेरी शंख काचेच्या कपाटात ठेवू, खाली काकाचं नाव लिहू, म्हणाल्या. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी काकूने केस नीट विंचरले होते.

डबी उघडली तर आंबूस वास आला. फडकं जळाल्यासारखं विरलं होतं. आत चिमूटभर राखाडी भुकटी.

"एक दिवस चुकवला नाही हो मी," काकू म्हणाली. "एक दिवस कोरडा पडू दिला नाही."

बाईंनी भुकटी बोटावर घेऊन पाहिली. त्यांनी काही बोलू नये म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. पण काकूनेच विचारलं, "माझं काय चुकलं? खरं सांगा."

"मोत्याची झाक असलेल्या शंखाला ओल लागते," बाई हळूच म्हणाल्या. "हा मातीत राहून लोखंड आणि गंधकाचा झालेला. ह्याला ओल सोसत नाही. कोरडाच ठेवावा लागतो."

मला त्या बाईंचा राग आला, शंखाचा आला, मेलेल्या काकाचाही आला. काकू मात्र कोणावरच चिडली नाही. भुकटीकडे बघत राहिली.

"ह्यांना ठाऊक असणार," ती म्हणाली. "घरी आले असते, तर दारातूनच सांगितलं असतं."